वकील गेले का?

ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत मी शेवटची उरले होते. जुनी तीनमजली इमारत, ती पाडून तिथे टॉवर होणार, म्हणून दिवाळी झाल्यापासून शेजारी एकेक करून भाड्याच्या जागेत गेले. कोणी कळव्याला, कोणी डोंबिवलीला, कोणी मुलाकडे. जाताना प्रत्येकाने "येत जाऊ हां अधूनमधून" म्हटलं आणि कोणी फिरकलं नाही. फिरकायचं तरी कशाला? लोकांनी दारं, खिडक्या, नळ, पंख्यांचे हूकसुद्धा काढून नेले होते. जिना चढताना दोन्ही बाजूंना उघड्या खोल्या दिसायच्या. समोरच्यांची आतली खोली पोपटी रंगाची होती हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. मी मोरीत बादली ठेवली की तिचा आवाज सगळ्या रिकाम्या खोल्यांतून फिरून परत यायचा, आणि दर वेळी मला वाटायचं, कोणीतरी आलं.

मी थांबले होते ती एका पक्ष्यासाठी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसते. भिंतीच्या कडेला शेवग्याचं झाड आणि कोणीतरी कधीकाळी रचून ठेवलेली मंगलोरी कौलं. दर वर्षी पाऊस संपून हवा कोरडी झाली की त्या भिंतीवर एक काळा पक्षी येऊन बसतो. चिमणीएवढाच. डोकं, पाठ, छाती काळी आणि पोट विटकरी तांबूस. स्वस्थ बसणं त्याला माहीत नाही. सारखं वाकायचं आणि शेपटी थरथरवायची. पुस्तकात त्याला कृष्ण थिरथिरा म्हणतात. उन्हाळा तो दूर उत्तरेच्या डोंगरांत काढतो आणि हिवाळ्याला आमच्याकडे येतो. एवढा मुलूख ओलांडून उतरायचं कुठे, तर वर्तकनगरच्या गटाराशेजारच्या भिंतीवर. त्याची निवड, आपण कोण बोलणार.

माझा नवरा त्याला वकील म्हणायचा. अंगात काळा कोट, आणि सारखं वाकून आपलं "माय लॉर्ड, माय लॉर्ड". नवऱ्याने सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये लेथवर काढली; मी त्याच इस्टेटीत दुसऱ्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग ट्रेस करायचे. त्याला पक्ष्यांचं वेड नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण तो आजारी पडला, अंथरुणाला खिळला, आणि मी त्याची खाट मागच्या खोलीत हलवली. तेव्हा त्याच्या जगात उरलं काय, तर मी, औषधं आणि ती भिंत. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "वकील आले का?" मान उचलून बघणं त्याला जमेनासं झालं होतं, म्हणून मी बघून सांगायचे, "आले, कोर्ट चालू झालं." कोणी भेटायला आलं की त्याचीही वकिलाशी ओळख करून दिली जायची. पुढे ऊन तापायला लागलं. हे पाहुणे उन्हाळ्याआधी परत जातात असं मी कुठेसं वाचलं आणि त्याला सांगितलं. त्या दिवसापासून प्रश्न बदलला. "वकील गेले का?"

"नाही, आहेत," मी सांगायचे, आणि खरंच असायचे. शेवटच्या सकाळीही त्याने विचारलं. मी बघितलं, वकील शेवग्याखाली किडे टिपत होता. "आहेत," मी म्हटलं. दुपारी नवरा गेला. मग घर माणसांनी भरलं, चुलते, भाचे, कारखान्यातले जुने लोक. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सतरंज्या परत गेल्या, शेवटचा पाहुणा गेला. मी मागच्या खोलीची खिडकी उघडली तेव्हा भिंत रिकामी होती. वकील त्याच दिवशी गेला, दुसऱ्या दिवशी गेला, की आमच्या गर्दीला कंटाळून गेला, मला कळलंच नाही. ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. नवरा गेल्याचं दुःख मोठं होतं, ते मला उचलता येत नव्हतं. हे लहान होतं, हातात मावणारं होतं, म्हणून मी हेच धरून बसले.

पुढच्या हिवाळ्यात वकील परत आला. तोच की दुसरा, हे मला विचारू नका. त्याच भिंतीवर, त्याच कौलावर, त्याच तोऱ्यात येऊन बसला. मी तोच धरला. आणि ठरवलं, या खेपेला हा कधी जातो ते मी बघणारच. नवऱ्याला रोज "आहेत" म्हणून सांगितलं होतं, एकदा "गेले" म्हणून सांगायचं राहून गेलं होतं. तेवढं झालं की घर सोडायला मी मोकळी.

या पक्ष्यांची काही माहिती मिळावी म्हणून मी ठाणे-कल्याणकडच्या पक्षी बघणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरले होते. माघ संपायला आला की तो ग्रुप अगदी उतू जातो. खाडीवर पांढऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या खायला घालणाऱ्यांवर एकीकडे भांडण चाललेलं, दुसरीकडे कोणी पहिला कोकीळ ऐकला यावर चढाओढ. कोणी म्हणणार उपवन तलावावर ऐकला, लगेच दुसरा म्हणणार मी कालच डोंबिवलीत ऐकला पण टाकायला विसरलो. मी रोज सकाळी लिहायचे, "वर्तकनगर. थिरथिरा. अजून आहे." कोणी उत्तर द्यायचं नाही. एकदा एक अंगठा आला. तो कोणाचा ते मी दोनदा उघडून बघितलं, आणि नंबर ओळखीचा नव्हता.

एका रविवारी ग्रुपवर आलं, आंबिवलीला सावरीवर भोरड्या आल्यात, बघायला या. मी गेले. स्टेशनपासून बरंच आत, नदीच्या बाजूला ते झाड होतं. अंगावर पान नाही, नुसती लालभडक जाडजूड फुलं, आणि त्यांवर भोरड्यांचा थवा. मैनेएवढा पक्षी, डोकं नि पंख काळे, अंग फिकट गुलाबी. दुरून आलेले, महिनाभर इथे फुलांतला रस पिऊन पुढे परदेशात जाणारे. किती भांडत होत्या! एकेका फुलावर तिघी-तिघी, चोचींना पिवळा पराग फासलेला. लग्नात पहिल्या पंगतीला जागा मिळवताना करतात तशी ढकलाढकली. खाली कॅमेरेवाले माना वर करून उभे होते. मला फार बरं वाटलं, आणि मग लगेच वाटलं की हे घरी जाऊन सांगायचं कोणाला.

शेजारी एक मुलगी मोठा कॅमेरा घेऊन उभी होती. मी तिला विचारलं, "थिरथिरा कधी जातो गं? म्हणजे नेमका कुठल्या दिवशी?"

"काकू, येतात तेव्हा सगळे टाकतात ग्रुपवर. जाण्याचं कोण टाकतंय?" ती म्हणाली. "रात्री निघतात ते. सकाळी बघायचं, नसला की गेला."

"म्हणजे जाताना दिसतच नाहीत?"

"नाही ना. पण दोन-तीन दिवस बघा हां. कधी कधी नुसता पलीकडच्या झाडावर असतो आणि आपण गेला म्हणून मोकळे होतो."

नंतर सगळे मिसळ खायला निघाले. ती मुलगी वळून म्हणाली, "काकू, येताय?" मी म्हटलं, नाही गं, घरी काम आहे. काम कसलं डोंबलाचं, रिकाम्या इमारतीत. तिने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी गेले असते. प्लॅटफॉर्मवर बसून मी घरून आणलेली पोळी खाल्ली आणि सगळा वेळ स्वतःवर चिडत राहिले.

होळीच्या आधी कमिटीने मला बोलावलं. मीटिंग म्हणजे गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सेक्रेटरी, खजिनदार आणि बिल्डरचा माणूस. सेक्रेटरी मूळचे राजापूरकडचे, आमच्या डोक्यावर राहायचे, नवऱ्याचे कॅरमचे जोडीदार. आता दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहत होते.

"वहिनी, तुम्ही एकट्याच राहिलात," ते म्हणाले. "तुमच्यामुळे पाडायचं काम अडलंय. कधी निघताय बोला."

"थोडे दिवस द्या," मी म्हटलं. आता खरं तेच सांगून टाकावं असं वाटलं. "मागच्या भिंतीवर एक पक्षी येतो. त्याच्यावर अवलंबून आहे माझं जाणं."

खजिनदारांनी बिल्डरच्या माणसाकडे बघितलं. आता बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असं ठरणार, म्हणून मी पदर सावरून बसले. पण सेक्रेटरींचा चेहरा एकदम उजळला.

"शकुन! अहो, मग असं बोला ना! भारद्वाज ना?"

भारद्वाज म्हणजे तो लाल डोळ्यांचा, तपकिरी पंखांचा, कुंपणातून गंभीरपणे चालत जाणारा पक्षी. कामाला निघताना तो दिसला की काम फत्ते, असं मानणारे पुष्कळ आहेत. बिल्डरच्या माणसानेही मांडीवरचा पाय खाली घेतला. "शकुन असेल तर आपण घाई नाय करणार," तो म्हणाला. "नवीन काम आहे. उगाच कशाला?"

आम्ही बौद्ध. आमच्या घरी पंचांग कधी आलं नाही. माझ्या वडिलांनी माझं लग्न मुद्दाम अमावस्येला ठेवलं होतं. हॉल मागताक्षणी मिळाला, आचाऱ्याला दुसरीकडे कुठे काम नव्हतं, वाढप्यांनी जिलब्या आग्रह करकरून वाढल्या. नवरा आयुष्यभर सांगायचा, असं निवांत लग्न कोणाचं झालं नसेल. आणि त्या घरातली मी शकुनाची वाट बघत बसलेली ठरले. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं कारण समजावून सांगितलं असतं तर आठ दिवससुद्धा मिळाले नसते, आणि शकुनाच्या नावावर सगळे अदबीने बोलत होते. मला राग आला, हसूही आलं, आणि हे संध्याकाळी कोणाला तरी सांगावं म्हणून घरी आले तर घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सेक्रेटरींचा रोज सकाळी फोन.

"वहिनी, दिसला का?"

"दिसला."

"मग निघा की! टेम्पो बघू?"

"नाही हो. दिसला म्हणजे थांबायचं. दिसायचा बंद झाला की निघायचं."

त्यांनी ते माझ्याकडून परत एकदा वदवून घेतलं. मग हळूच, "तुमच्यात उलटं असतं वाटतं."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर दिवसाकाठी मला येणारा तो एकच फोन होता. एकदा उशीर झाला तर मीच चार्जर नीट लागलाय का ते बघत बसले.

इकडे दिवस तापत चालले होते. शेवग्याला फुलांचे तुरे आले आणि चिमुकले शिंजीर पक्षी त्यांत लटकायला लागले. तांबट पक्ष्याची टुकटुक ठोकाठोक दुपारभर चालायची. कोकीळही सुरू झाला. पण ग्रुपवर टाकायचा मला उत्साह राहिला नव्हता. रोज सकाळी उठल्या उठल्या मी आधी खिडकी उघडायचे. वकील असला की जीव भांड्यात पडायचा, आणि पडला याचाच राग यायचा, कारण तो जावा म्हणून तर मी थांबले होते. मग त्याच्याशीच बोलायचे. अरे बाबा, हवा बघ, नीघ आता. तो आपला वाकायचा आणि शेपटी थरथरवायचा. घरात बोलायला तेवढाच होता, म्हणून तो जावा आणि जाऊ नये हे दोन्ही मला सारखंच वाटत होतं.

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, आता बिल्डर ऐकायचा नाय. पाणी-लाईट तोडणारेत. पाडवा धरा. साडेतीन मुहूर्तातला दिवस आहे, तुमच्या पक्ष्यालाही चालेल." मी कबूल केलं. तोवर जाईल, असं मला वाटलं होतं.

पाडव्याच्या सकाळी रस्त्यापलीकडच्या गॅलऱ्यांत गुढ्या उभ्या होत्या. आमच्या इमारतीत एक माझा टेम्पो. सामान चढलं, खोल्या रिकाम्या झाल्या आणि सेक्रेटरी नवा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन आले. उंबऱ्यावर फोडायचा म्हणाले. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. कारण खिडकीतून मी आधीच बघितलं होतं.

"कुठाय भारद्वाज?"

"तो काय, कौलावर."

"हा? हा भारद्वाज नाय, वहिनी. हा तर..." आणि ते थांबले. कौलावर वकील वाकला, शेपटी थरथरली. सेक्रेटरी खिडकीच्या कठड्याला धरून उभे राहिले. "हा तर वकील! दादांनी मला दाखवलेला. मी भेटायला आलेलो तेव्हा. बोललेले, आमचे वकील तारीख चुकवत नाहीत."

मी मान हलवली.

"म्हणजे तुम्ही याच्यासाठी..." नारळ त्यांनी फोडला नाही, तसाच कठड्यावर ठेवला. मी चावी त्यांच्या हातात दिली. एवढी वाट बघितली ती त्याला जाताना बघायला, आणि आता मी जात होते आणि तो बघत होता. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी डोंबिवलीपर्यंत रडले. ड्रायव्हर बिचारा रेडिओ लावू की नको करत होता.

डोंबिवलीची भाड्याची जागा सहाव्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, एसीचे डबे आणि कबुतरं. शेजारचं दार दिवसभर बंद असतं. सामान मी थोडंच उघडलं. सकाळी सवयीने खिडकी उघडायचे आणि कबुतरं बघून बंद करायचे. ग्रुपवर काही लिहिलं नाही; कोणी विचारलंही नाही. वकील आहे की गेला, हे आता मला कधीच कळणार नव्हतं, मागच्या वर्षीसारखंच. ते मी गिळलं होतं म्हणते, पण गिळलं नव्हतं.

आणि एका सकाळी सेक्रेटरींचा फोन आला.

"वहिनी, वकील गेले."

मी खुर्ची ओढून बसले. "कशावरून म्हणता?"

"परवापर्यंत होते. मी रोज जातो ना दूध आणायला, तसाच मागून चक्कर मारायचो. काल नव्हते. लगेच फोन नाय केला, म्हटलं चुकीचं नको सांगायला. आज परत गेलेलो. कौलांवर बघितलं, शेवग्यावर बघितलं, पलीकडे गटाराकडे पण बघितलं. नाहीत. गेले."

"पाडायला घेतलंय ना? आवाजाने उडाला असेल."

"पुढून घेतलंय. मागे हात लावू दिला नाय मी." त्यांचा आवाज जरा खाली आला. "त्यांना सांगितलं, मागच्या भिंतीला अजून मुहूर्त नाही."

मी हसले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना.

"वहिनी? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं.

"बरं. एवढंच सांगायचं होतं. आता उद्या भिंत घेतील ते."

फोन ठेवल्यावर मी भिंतीशी लावून ठेवलेलं एक खोकं उघडलं. नवऱ्याचा फोटो माझ्या जुन्या साडीत गुंडाळलेला होता. तो काढला, पुसला आणि खिडकीत ठेवला.

"गेले," मी मोठ्याने म्हटलं. "वकील गेले."

कबुतरं उडाली आणि परत येऊन बसली. नवऱ्याला त्याचं उत्तर मिळालं होतं. आता रोज सकाळी मला कोणी काही विचारणार नव्हतं.